पंख इकडे, सांगाडे तिकडे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. खरे सांगायचे तर अर्धीच मांडणी आहे. माझी डावी कड गुळगुळीत आहे, कारण तिच्यावरून सुताराचा रंधा फिरला आहे. उजव्या कडेवर मात्र करवतीचे दात उमटले आहेत. ती कड भिंतीला टेकलेली असते, म्हणून कोणाला दिसत नाही. मला ती रोज जाणवते. माझे उरलेले अंग त्या भिंतीच्या पलीकडे गेले.

मांडणी म्हणजे बिनदारांचे कपाट. कोणाच्या घरी मांडणीवर भांडी असतात, कोणाच्या घरी पुस्तके. माझ्यावर विमाने असत. दुकानात मिळतात तसली खेळणी नव्हेत. दोन माणसांनी हाताने घडवलेली, नाकात चिमुकले इंजिन बसवलेली, मैदानावरून खरोखर आकाशात जाणारी ती विमाने होती.

ती माणसे म्हणजे दोन सख्खे भाऊ. थोरला पुस्तकांची बांधणी करायचा. त्याच्या बोटांना कायम खळीचा वास यायचा. धाकटा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. कितीही साबण लावला तरी त्याच्या नखांतली तेलाची काळी रेघ जात नसे. दोघे एकाच घरात, एकाच चुलीवर जेवत होते. कामावरून आले की हातपाय धुवायचे आणि विमाने करायला बसायचे, हा त्यांचा नेम. पंख थोरल्याने करायचे, कारण पातळ कागद न सुरकुतता ताणून चिकटवणे त्याच्याइतके कोणाला जमत नसे. पंख सोडून बाकीचे विमान, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंतचा सांगाडा आणि आतले इंजिन, धाकट्याने करायचे. सगळे झाले की सांगाड्यावर पंख ठेवायचा आणि वरून रबराच्या पट्ट्या ओढून घट्ट बांधायचा. विमान उडवून झाले की पट्ट्या सोडायच्या आणि पंख वेगळा ठेवायचा, सांगाडा वेगळा.

ठेवायचा कुठे, हाच मोठा प्रश्न होता. माझा जन्म त्या प्रश्नातून झाला.

झाले असे, की थोरल्याची बायको एकदा बाजारातून दमून आली आणि समोर दिसलेल्या खुर्चीवर बसली. खालून कर्रकन आवाज आला. ती उठून बघते तो काय, नव्या कोऱ्या पंखाचे दोन तुकडे!

"आता बसायच्या आधी कोणाची परवानगी काढायची?" ती कडाडली. "पलंगावर शेपट्या, पिठाच्या डब्यावर पंख, न्हाणीघरात रंग वाळतोय. उद्यापासून मीच छताला टांगून घेते, म्हणजे तुमच्या विमानांना जागा होईल!"

"वहिनी, त्याला दोरी जरा जाड लागेल," धाकटा म्हणाला.

वहिनीने मोडका पंख त्याच्या अंगावर फेकला आणि मग तीच पदर तोंडाला लावून हसू लागली. पण तिने तो विषय सोडला नाही. घराच्या मागे एक लांबट खोली होती. मोडक्या खुर्च्या, गळक्या बादल्या, फाटक्या गाद्या, सगळे तिथे जाऊन पडायचे. ती खोली रिकामी झाली, तिला चुना लागला आणि एक म्हातारा सुतार बोलावला गेला. कुठल्याशा दवाखान्यातले लांब बाक मोडीत निघाले होते, त्यांच्या फळ्या त्याने आणल्या. त्या फळ्यांतून मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उभी राहिले.

थोरल्याने मला ज्या प्रेमाने लावले, ते सांगताना आजही माझे लाकूड हलके होते. माझ्या डाव्या बाजूला पंख. पंख उभा टेकवून ठेवला तर त्याला बाक येतो, म्हणून तो आडवाच ठेवायचा, आणि तोही नुसता फळीवर नाही, तर लोकरी कापड गुंडाळलेल्या आडव्या पट्ट्यांवर, म्हणजे त्याला खालूनही हवा लागेल. उन्हाची तिरीप येऊ नये म्हणून खिडकीला जाड पडदा. उजव्या बाजूला सांगाडे. ते गडगडू नयेत म्हणून प्रत्येकासाठी मऊ कापड लावलेली लाकडी खाच, जसा काही पाळणाच. मधल्या फळीच्या खालच्या अंगाला त्याने बरण्यांची झाकणे खिळ्यांनी ठोकली. बरणी खालून फिरवून लावायची, की ती लोंबकळत राहायची. स्क्रू एकीत, वॉशर दुसरीत, चाके तिसरीत, आणि हात न लावता आतले सगळे दिसायचे. समोरच्या भिंतीवर हत्यारे खुंट्यांना टांगली आणि प्रत्येक हत्याराभोवती पेन्सिलीने रेघ ओढली, म्हणजे कुठले जागेवर नाही ते लगेच कळावे.

जागेवर नसलेले हत्यार हमखास धाकट्याकडे असायचे. त्याला वस्तू घेता यायची, ठेवता यायची नाही. पकड खिशात, पाना खिडकीत, कानस कानामागे. थोरला त्याच्या मागे मागे फिरून एकेक वस्तू खुंटीला लावायचा. तोंडाने कुरकुरायचा, पण ती कुरकुर लाडाची होती.

"मी मेल्यावर तुझी कानस कोण शोधून देणार आहे?" तो विचारायचा.

"तू आधी मरायचा नाहीस, दादा. तुला सगळा पसारा आवरल्याशिवाय निघवणारच नाही."

सुट्टीच्या सकाळी दोघे विमाने घेऊन गावाबाहेरच्या माळावर जायचे. परत आले की धाकटा इंजिनातले उरलेले इंधन काढून त्यात तेलाचे दोन थेंब सोडायचा आणि थोरला पंखांवरची धूळ मऊ फडक्याने टिपायचा. कधी शेजारीपाजारी बघायला यायचे, कधी शाळेच्या बाई मुलांची रांग घेऊन यायच्या. एकदा त्या बाई म्हणाल्या, "विमानं तर सुंदर आहेतच, पण ही मांडणी कोणी लावली हो?" थोरला लाजला. मीही मनातल्या मनात ताठ झाले. ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. सुखाच्या दिवसांबद्दल यापेक्षा जास्त सांगता येत नाही. ते सगळे एकमेकांसारखेच असतात.

थोरल्याला एक मुलगी होती. धाकट्या काकाने तिचे नाव ठकी ठेवले होते, आणि शाळेतले नाव शिक्षकांखेरीज कोणाच्या लक्षात राहिले नव्हते. ठकी वडिलांपेक्षा काकाच्या अंगाखांद्यावर जास्त वाढली. धाकट्याला मूल नव्हते. म्हणजे एक झाले होते, पण त्याने डोळे उघडलेच नाहीत. त्या इवल्या जिवाला कापडात गुंडाळून शेवटचे घेऊन गेला तो थोरलाच. बापाचे पाय उचलत नव्हते, म्हणून त्याने नेले. त्या गोष्टीबद्दल घरात कोणी कधी बोलत नसे. ठकी काकूच्या हातून जेवायची, काकाच्या खांद्यावर झोपायची आणि त्यात सगळे आले, असे सगळे मानत.

कारखान्याचा, म्हणजे आमच्या या खोलीचा, एक कडक नियम होता. इंजिन घरात चालू करायचे नाही, अंगणात करायचे. आणि विमान शिकंज्यात, म्हणजे स्क्रूने आवळायच्या लोखंडी जबड्यात, घट्ट आवळल्याशिवाय तर मुळीच नाही. नियम थोरल्याचा होता.

एका सुट्टीच्या दिवशी थोरला बांधलेली पुस्तके पोचवायला गेला होता. टेबलावर नवे विमान तयार होते. आजवरचे सगळ्यांत मोठे. त्याच्या पंखांसाठी थोरल्याने किती संध्याकाळी घातल्या होत्या, ते मी पाहिले होते. बाहेर वारा सुटला होता, धूळ उडत होती. धाकट्याला इंजिनाचा आवाज ऐकायचा होता. एवढेच. लहान मुलासारखा उतावळा झाला होता तो.

"काका, शिकंजा लावला?" ठकीने विचारले. तिला नियम पाठ होता.

"लावलाय गं. तू शेपटीकडे लक्ष दे."

शिकंजा लावला होता, पण पुरता आवळला नव्हता. धाकट्याने काठीने नाकावरचे पाते फिरवले. इंजिन दोनदा खोकले आणि तिसऱ्यांदा धडधडू लागले. मी थरथरले, माझ्या बरण्या किणकिणल्या. तेवढ्यात विमान शिकंज्यातून सुटले आणि टेबलाच्या कडेकडे घसरू लागले. धाकटा दुसऱ्या बाजूला होता. ठकीने पाहिले, की बाबांचे पंख आता जमिनीवर आपटणार. तिने विमान धरायला हात पुढे केला.

पुढचे मी सांगत नाही. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. काकाने तिला उचलले तेव्हा ती रडतही नव्हती. पांढरीफटक पडली होती. तिने एवढेच विचारले, "विमान वाचलं ना, काका?"

विमान वाचले होते.

दवाखान्यातून ठकी घरी आली. थोरला कोणावर ओरडला नाही. तो कारखान्यात आला, टेबल पुसले, फरशी पुसली, एकेक हत्यार पुसून आपापल्या रेघेत लावले. मग सगळी हत्यारे काढली आणि पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशीही तेच. मला तो आवाज आवडेनासा झाला. ती आवराआवर नव्हती. तो माणूस स्वतःला खुंटीला टांगून ठेवत होता.

अखेर धाकटा आला. दारातच उभा राहिला.

"दादा, काहीतरी बोल. शिव्या घाल, मार मला. पण असा गप्प राहू नकोस."

थोरला पाठमोरा होता. "शिकंजा आवळला नव्हतास."

"नाही."

"घाई कसली होती?"

"कसलीच नाही, दादा."

थोरल्याने हातातला पाना खुंटीला लावला आणि न वळता म्हणाला, "तुला पोटचं पोर असतं ना, तर असा ढिला हात राहिला नसता तुझा."

त्याच वेळी काकू चहाचे दोन कप घेऊन धाकट्याच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने ते ऐकले. ती आत आली, दोन्ही कप माझ्या फळीवर ठेवले, एक थेंबसुद्धा सांडू दिला नाही, आणि निघून गेली. मग धाकटा म्हणाला, "हे तू बोलायला नको होतंस, दादा." आवाज अगदी हळू होता. तोही गेला. चहा माझ्यावर निवत राहिला, त्यावर साय धरली.

थोरल्याला बोललेले परत घ्यायचे होते की नाही, मला ठाऊक नाही. मला वाटते, घ्यायचे होते. पण तो शब्द खुंटीवरून काढून खिशात घालण्यासारखा नव्हता. दिवस गेले तसा तो अधिकच घट्ट बसला. काकूने वेगळी चूल मांडली. मग वेगळे दार झाले. शेवटी घराच्या मधोमध भिंत घालायचे ठरले, आणि ती भिंत कारखान्यातूनही जाणार होती.

"ज्याचं त्यानं घ्यावं," थोरला म्हणाला. धाकट्याने मान हलवली.

ज्याचे त्याने. म्हणजे पंख थोरल्याचे, सांगाडे धाकट्याचे. मी आधीपासून तशीच लावलेली होते ना, डावीकडे हे आणि उजवीकडे ते. कोणाला काही हलवावेसुद्धा लागले नाही. भिंतीची जागा मोकळी करायला फक्त मला मधोमध कापायचे होते. मला घडवणाऱ्या म्हाताऱ्या सुताराला निरोप गेला. तो आला, माझ्या फळीवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्याच्यानं व्हायचं नाही. दुसरा कोणी बघा." पिशवी उचलून तो चालता झाला.

मग थोरल्यानेच करवत घेतली. लांब फळी कापताना दुसऱ्या टोकाला कोणीतरी धरावे लागते, नाहीतर करवत अडते. धाकटा न सांगता पुढे आला आणि त्याने माझे दुसरे टोक धरले. त्या दोघांनी मिळून केलेले ते शेवटचे काम. एकही वाकडा काप गेला नाही. शेवटची फळी सुटली, तेव्हा दोघांच्याही हातावर माझा भुसा होता. दोघांनी तो झटकला आणि दोघे दोन दारांनी बाहेर पडले.

गवंड्याने भिंत उभी केली. विटांचा शेवटचा थर चढला, तेव्हापासून पलीकडचे मला काही दिसले नाही.

आता माझ्यावर पंख होते आणि उडायला विमान नव्हते. पहिल्या वर्षी थोरला अधूनमधून यायचा, पडदा नीट करायचा, फडके फिरवायचा. मग येईनासा झाला. पंखांकडे बघितले की त्याला काय आठवत असेल, ते तुम्हीच समजा. एक दिवस कोणीतरी एक ट्रंक आणून पंखांवर ठेवली. थोड्या वेळापुरती, असे म्हणून. मग गाद्या आल्या, बंद पडलेला पंखा आला, रंगाचे वाळलेले डबे आले, जुन्या चपलांचे खोके आले. पडदा कशाला तरी हवा होता म्हणून काढून नेला. काच फुटली, ती तशीच राहिली. दुपारचे ऊन थेट माझ्या अंगावर येऊ लागले आणि पावसाळ्यात ओल. पंखांना बाक येताना मला कळत होते. ओझ्याखाली लाकूड हळूहळू वाकते. ते ओरडत नाही. आणि मग आत बारीक कुरतडणे सुरू झाले. कीड लागली होती. मी हाक मारू शकत नव्हते.

पलीकडून कधीमधी आवाज यायचे. डबा उघडल्याचा, फडके झटकल्याचा. काय चालले आहे ते मला कळत नसे.

ठकी मोठी झाली. उरलेल्या बोटांनी लिहायला शिकली, शिकून नोकरीला लागली. एकदा तिने वडिलांना याच खोलीत गाठले.

"बाबा, हात माझा आहे ना? माझा काकावर राग नाही. मग तुम्ही कोणाचा राग धरून बसलाय?"

"तुला नाही कळायचं."

"मला कळतं. तुम्ही काय बोलला होतात, ते मला काकूने नाही सांगितलं, आईने सांगितलं. राग काकावर नाहीये तुमचा. तुम्हाला लाज वाटते."

थोरला रंगाचा डबा इकडचा तिकडे सरकवत राहिला. ठकी दूरच्या शहरात निघून गेली. पुढे वहिनीही आजारपणात गेली. त्या दिवशी धाकटा आला होता, म्हणे. अंगणात उभा राहिला, चार माणसांसारखी धावपळ केली आणि गेला. थोरल्याने मान वर केली नाही. दोघे भाऊ एकाच छपराखाली म्हातारे झाले. एक भिंतीच्या या बाजूला, एक त्या बाजूला.

मित्रांनो, आता सांगते ते सांगायला मला फार जड जाते.

एका दुपारी मागच्या दारावर थाप पडली. दार या खोलीतच उघडते. काकू उभी होती. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा या बाजूला आली होती. केस पांढरे झाले होते. थोरल्याला तिला ओळखायलाच क्षणभर लागला.

"भाऊजी," ती म्हणाली, "ह्यांचं काही खरं नाही. डॉक्टर येऊन गेले. सकाळपासून दादा, दादा चाललंय. येता का?"

थोरल्याचा हात दाराच्या चौकटीवर घट्ट झाला. "तू हो पुढे," तो म्हणाला. "मी आलोच."

काकू गेली. थोरला दोन पावले तिच्या मागे गेला आणि थांबला. वळून माझ्याकडे बघत राहिला. मग स्वतःशीच म्हणाला, "रिकाम्या हाताने कसा जाऊ?"

त्याने ट्रंक ओढून खाली घेतली. गाद्या खाली फेकल्या. पंखा, डबे, खोकी, सगळे बाजूला केले. धुळीने त्याला खोकल्याची उबळ आली. त्याच्या मनात काय होते, ते मला कळले. त्या मोठ्या विमानाचा पंख घ्यायचा आणि भावाच्या हातात द्यायचा. तोंडाने काही बोलावे लागले नसते. एकेक पंख त्याने बाहेर काढला. पहिला हातात मोडला. दुसऱ्याचा कागद पानगळीसारखा झडला. तिसरा हलवला तर आतून पिठासारखा भुगा गळाला. मोठ्या विमानाचा पंख त्यातल्या त्यात अखंड होता, पण कमानीसारखा वाकलेला आणि मध्ये कागद फाटलेला.

तिथून पलीकडचे दार किती लांब होते? अंगण ओलांडले की आलेच. पण तो गेला नाही. त्याने खळ कालवली. कागदाचे ठिगळ त्याने इतक्या बेताने कापले, की मला जुने दिवस आठवले. फाटक्या जागी लावले, बोटाने कडा दाबल्या. पंख सरळ व्हावा म्हणून ओले फडके त्यावर पसरले, दोन्ही टोकांवर विटा ठेवल्या आणि तो समोर बसला. वाळायची वाट बघत बसला. "एवढं वाळलं की जातो," तो पुटपुटत होता. "एवढंच वाळलं की."

मला जर तोंड असते! मी जर एक फळी निखळवून त्याच्या पायाशी टाकू शकले असते, तर टाकली असती. जा रे बाबा, मी म्हणाले असते, ऊठ, तसाच जा. पण मी मांडणी. ठेवलेले धरून उभे राहणे, एवढेच मला येते.

ऊन उतरले. खिडकीतला उजेड पिवळा झाला. आणि भिंतीपलीकडून काकूचा आवाज आला. त्यात शब्द नव्हते.

थोरला उठला. माझा आधार घेतला त्याने. खळ अजून ओलीच होती.

सगळे विधी उरकल्यावर काकू पुन्हा आली. या वेळी बरोबर ठकी होती. दोघींच्या हातांत एकेक सांगाडा होता. त्यांनी ते टेबलावर ठेवले, परत गेल्या, आणखी आणले. मी बघतच राहिले. एकाही सांगाड्यावर धुळीचा कण नव्हता. रंग चकाकत होता. ठकीने एका इंजिनाचे पाते बोटाने हलवले, तर ते लोण्यासारखे फिरले. प्रत्येक सांगाड्याला नव्या रबरी पट्ट्या लावलेल्या होत्या.

"रबर वर्षभरात कुजतं म्हणे," काकू म्हणाली. "दर वर्षी नवं आणायचे. दर सुट्टीला फडकं घेऊन बसायचे, तेल घालायचे. यांना तर वस्तू जागेवर ठेवायची कधी सवय नव्हती, पण पलीकडची मांडणी बघाल तर तुमचीच वाटेल. मी म्हणायचे, कशाला हा खटाटोप, पंख कुठेत? तर म्हणायचे, दादा पंख घेऊन आला आणि माझंच तयार नसलं, तर तो मला किती बोलेल!"

थोरला ऐकत होता. मग त्याने तो ठिगळ लावलेला पंख पुढे केला. ठकीने तो घेतला आणि मोठ्या सांगाड्यावर ठेवला. बसला नाही. एक टोक टेकवले की दुसरे वर उचलायचे. तिने रबर ओढून पाहिले, किटलीच्या वाफेवर धरून पाहिले. वाफेने खळ सुटली, ठिगळ निघाले, आणि पंखाच्या मधल्या कण्याशी कट्कन आवाज झाला. तिच्या त्या दोन आखूड बोटांमध्ये पंखाचे दोन भाग लोंबत राहिले.

"राहू दे," थोरला म्हणाला. मग काकूकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी मी हाच नीट करत बसलो होतो. तेवढ्यात..."

काकूने त्याच्याकडे पाहिले. तिच्या नजरेत राग असता तर बरे झाले असते.

"भाऊजी," ती म्हणाली, "पंख कोणी मागितले होते?"

त्यानंतर काकू तिच्या भाचीकडे राहायला गेली. ठकी नोकरीच्या गावी परतली. ती फोन करते, बाबांना तिकडे यायचा आग्रह करते, पण थोरला जात नाही. पलीकडची बाजू रिकामी आहे. माझे दुसरे अर्धे अंग तिथे आहे की कोणी सरपणाला नेले, मला ठाऊक नाही. सांगाडे आता माझ्यावर आहेत. पंखांसाठी केलेल्या सपाट फळ्यांवर ते नीट राहत नाहीत, गडगडतात, म्हणून त्यांच्या दोन्ही बाजूंना थोरल्याने कपड्यांच्या घड्या लावल्या आहेत. रोज सकाळी तो एकेक खाली घेतो, पुसतो, पाते फिरवतो. नवे पंख करावेत असे त्याच्या मनात कधी येत नाही, आणि आले तरी त्याच्या हातांना आता कागद धरवत नाही. एखादे दिवशी पुसता पुसता तो थांबतो आणि माझ्या उजव्या कडेच्या पलीकडे, त्या भिंतीकडे बघत बसतो. दुपार होते, तरी त्याच्या हातातले फडके तसेच असते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपल्यासाठी काहीतरी मागून गोष्ट संपवतात. मला रंग द्या, माझी कीड काढा, मला अडगळीत टाकू नका. माझे तसे काही मागणे नाही. माझ्यावर ठेवायचे ते ठेवून झाले आहे. पण तुमच्या घरात, तुमच्या शेजारी, एखाद्या भिंतीपलीकडे कोणी तुमची वाट बघत असेल, तर आधी हे दुरुस्त करतो आणि मग जातो, असे म्हणू नका. काही नेऊ नका. काय बोलायचे ते ठरवू नका. तसेच जा, मळक्या हातांनी जा, आत्ता जा. मला जाता आले नाही, मी लाकूड आहे. तुम्हाला पाय आहेत.